खिंडीतला वारा आणि जिल्ह्याचा इशारा
वाचकांचे प्रश्न : डोंगर आणि हवामान

हिमालयातील ट्रेकिंगचा हंगाम जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा ओघ हमखास वाऱ्याकडे वळतो. पाऊस आणि बर्फ यांबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. परंतु या खेपेस वाऱ्याच्या इशाऱ्यांविषयीची शंका इतक्या तऱ्हांनी विचारली गेली आहे, की संपूर्ण सदर त्या एकाच विषयाला द्यावे असे ठरवले. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी महाविद्यालयातील मैत्रिणींबरोबर उत्तराखंडमधील केदारकंठा ट्रेकला निघाली आहे. उत्तरकाशी जिल्ह्यासाठी ‘यलो अलर्ट’ जाहीर झाला असून त्यात ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जना व विजांच्या कडकडाटासह ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा’ असे म्हटले आहे. ट्रेक नेणाऱ्यांना विचारले, तर ते म्हणाले, “काकू, पिवळा म्हणजे काही नाही, नुसता कागदावर असतो.” आम्ही काय समजावे? (पुणे)

उत्तर : पिवळा म्हणजे काही नाही, हे साफ चूक आहे, आणि पिवळा दिसताच तिकिटे रद्द करावीत, हेही तितकेच चूक आहे. भारतीय हवामान विभागाच्या चार रंगांपैकी हिरवा म्हणजे कोणताही इशारा नाही, पिवळा म्हणजे परिस्थितीवर लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे आता प्रत्यक्ष कृती करा. हा रंग केवळ वाऱ्याच्या वेगावरून ठरत नाही. घटना घडण्याची शक्यता किती आणि घडली तर तिचा परिणाम किती, या दोहोंचा मेळ घालून तो ठरवला जातो, आणि म्हणून एकाच वेगाचा वारा एका दिवशी पिवळ्या तर दुसऱ्या दिवशी नारिंगी रंगात आलेला दिसतो. हा परिणाम जोखताना विभागापुढे असतात ती घरांची छपरे, विजेच्या तारा, उन्मळणारी झाडे, रस्ते आणि सफरचंदाच्या बागा. शिखराच्या उघड्या धारेवर पाठीवर पिशवी घेऊन उभी असलेली व्यक्ती त्या हिशोबात धरलेली नसते, आणि जिल्ह्यासाठी काढलेल्या पत्रकात ती धरली जावी अशी अपेक्षाही रास्त नाही.

उत्तरकाशी जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे आठ हजार चौरस किलोमीटर आहे, आणि त्यात यमुनेच्या खोऱ्यातील हजारेक मीटर उंचीच्या गावांपासून सात हजार मीटरच्या आसपासच्या शिखरांपर्यंत सर्व काही येते. एवढ्या प्रदेशासाठी एक रंग आणि एक ओळ दिली जाते. त्या ओळीतील ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांना ठरलेले माप आहे : प्रदेशातील निरीक्षण केंद्रांपैकी एक ते पंचवीस टक्के केंद्रांवर ती घटना अपेक्षित असणे. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पंचाहत्तरपर्यंत. डोंगराळ जिल्ह्यात ही केंद्रे बहुतेक करून वस्तीलगत, म्हणजे दरीत किंवा मधल्या उतारावर असतात, हे ध्यानात घेतले की ‘तुरळक’ या शब्दाने खिंडीत जाणाऱ्याने निर्धास्त का होऊ नये, ते कळते.

मी आपल्या जागी असतो तर रंगापेक्षा पुढची गोष्ट आधी पाहिली असती : इशाऱ्यातील वारा मेघगर्जनेबरोबर सांगितला आहे, की पश्चिमी झंझावाताबरोबर, म्हणजे पश्चिमेकडून हिमालयावर येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या वादळी प्रणालीबरोबर. गडगडाटी ढगातून खाली कोसळणाऱ्या थंड हवेचा वारा अचानक उठतो, झाडे वाकवतो आणि पुष्कळदा तासाभरात ओसरतो. डोंगरात हे ढग बहुधा दुपारनंतर बांधले जातात, म्हणून त्यावरचा उपाय घड्याळात आहे. पहाटे निघून दुपारच्या आत माथ्यावरून उतरावे आणि गडगडाट ऐकू येताच, शिखर कितीही हाताशी आलेले असो, मागे फिरावे. पश्चिमी झंझावाताचा वारा मात्र दिवसभर, कधी दोन दोन दिवस वाहतो, त्याच्यासोबत बर्फ येते आणि पहाटे लवकर उठून त्याला चुकवता येत नाही. तिथे उपाय एकच, तारीख पुढे ढकलणे. आपण पाठवलेला इशारा पहिल्या प्रकारचा आहे. मुलीला जाऊ द्यावे. परंतु माथ्यावरून परत फिरण्याची वेळ किती वाजताची ठरली आहे, आणि ती वेळ झाली की कोणाचेही न ऐकता गटाला मागे वळवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे संस्थेला स्पष्ट विचारून घ्यावे. इशारा कागदावरचा म्हणणाऱ्यांनी या दोन प्रश्नांना काय उत्तर दिले, ते आम्हालाही कळवावे.

प्रश्न : गेल्या हंगामात आम्ही हम्ता खिंड ओलांडली. आदल्या संध्याकाळी मोबाइलवरील अॅपवर मनालीचा वारा ताशी ८ किलोमीटर दिसत होता. प्रत्यक्ष खिंडीत पाय रोवून उभे राहवत नव्हते. अॅप इतके कसे चुकते? (नागपूर)

उत्तर : अॅपने मनालीचा वारा सांगितला होता आणि मनालीपुरता तो बहुधा बरोबरही असेल. मनाली सुमारे दोन हजार मीटरवर आहे, हम्ता खिंड ४,२७० मीटरच्या आसपास. या दोन उंचींमधील हवेचा एकमेकींशी काही संबंध असेलच असे नाही.

आपण खिंडीचे नाव टाकून अंदाज मागितला असता, तरी अडचण पुरती सुटली नसती. हवामानाचे संगणकीय प्रारूप (मॉडेल) पृथ्वीचे चौकोनी तुकडे करून प्रत्येक तुकड्यासाठी गणित मांडते. भारतीय हवामान विभागाच्या जागतिक प्रारूपात हा तुकडा बरीच वर्षे सुमारे १२ किलोमीटरचा होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ रोजी कार्यान्वित झाली, तिच्यात तो ६ किलोमीटरवर आला आहे, आणि जगातील इतक्या बारीक जागतिक प्रारूपांची संख्या फार थोडी आहे. पण कुल्लूच्या खोऱ्यात ६ किलोमीटर चालून पाहावे! एवढ्या अंतरात नदीचे पात्र, देवदाराचे जंगल, कुरण आणि बर्फाची धार असे सारे येऊन जाते, तर गणिताला त्या तुकड्याची एकच सरासरी उंची ठाऊक असते. परिणामी प्रारूपातील हिमालयाचे माथे तासलेले आणि दऱ्या बुजवलेल्या असतात. खऱ्या धारेवर हवा वर चढताना दाटीत सापडते आणि वेग घेते. खिंडीत ती दोन्ही बाजूंच्या भिंतींमधून जाताना आणखी वेग घेते. मोकळ्या हवेतील वाऱ्याच्या दीडपट वारा धारेवर लागणे यात नवल काही नाही. अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टन हा डोंगर अवघा १,९१७ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईहून पावणेतीनशे मीटरच अधिक. पण वादळांच्या वाटेवर आणि नेमक्या अशा दाटीच्या जागी असल्याने १२ एप्रिल १९३४ रोजी तिथल्या वेधशाळेत ताशी ३७२ किलोमीटरचा झोत मोजला गेला, आणि जगातील तो उच्चांक पुढे सहा दशके टिकला.

तेव्हा व्यवहारात असे करावे. अनेक अॅपमध्ये, ‘विंडी’ हे त्यांतील बहुतेकांच्या माहितीचे, वारा हवेच्या दाबाच्या पातळीनुसार पाहता येतो. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर म्हणजे ८५० हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचे एकक), तीन हजार म्हणजे ७००, सव्वाचार हजारांच्या पुढे ६००, आणि साडेपाच हजारांच्या पुढे ५०० अशी ढोबळ मापे लक्षात ठेवावीत. हम्तासाठी ६०० हेक्टोपास्कलचा वारा पाहायला हवा होता. तिथे दिसणारा आकडा मोकळ्या हवेतला असतो. त्यात धारेसाठी निम्म्याने भर घालावी. त्याच्या वरच्या पातळीवरही एकदा नजर टाकावी, कारण तिथे वारा फार असेल तर डोंगराच्या पाठीमागच्या उतारावर तो खाली आदळण्याचा संभव असतो. आणखी एक : अॅपवर ठळक दिसणारा वेग हा काही मिनिटांच्या सरासरीचा असतो. माणूस पडतो तो सरासरीने नव्हे, झोताने पडतो, आणि झोताचा रकाना खाली वेगळा असतो. खडबडीत डोंगरावर झोत सरासरीच्या दुप्पटही होतो.

प्रश्न : शिखरावर जायचे म्हटले की रात्री दोन-तीन वाजता का उठवतात? (सांगली)

उत्तर : बर्फ रात्रीच्या थंडीने घट्ट असते, हे एक कारण. वारा हे दुसरे. ऊन चढले की उतार तापतात, हवा दरीतून वर ओढली जाते आणि दहा-अकराच्या सुमारास खोऱ्यातून वर वाहणारा वारा जोर धरतो. नेपाळमधील काली गंडकीच्या खोऱ्यात हा प्रकार इतका ठरलेला आहे, की जोमसोमच्या विमानतळावरील उड्डाणे सकाळीच उरकून घ्यावी लागतात, आणि दुपारी त्या पात्रातून चालणाऱ्याच्या तोंडावर वाळूचा मारा होतो. हिमालयातील कोणत्याही मोठ्या खोऱ्यात थोड्याफार फरकाने हेच घडते. या दैनंदिन वाऱ्यासाठी कोणी इशारा काढत नाही, कारण तो स्वच्छ, निरभ्र दिवशीच सर्वांत चांगला वाहतो.

प्रश्न : बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळामुळे नेपाळमध्ये ट्रेकर मृत्युमुखी पडले होते, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे का? समुद्र कुठे आणि हिमालय कुठे! (रत्नागिरी)

उत्तर : खरे आहे, आणि ऑक्टोबरात हिमालयात जाणाऱ्या प्रत्येकाने ते तपशिलाने माहीत करून घ्यावे असे आहे. ‘हुदहुद’ हे अतितीव्र चक्रीवादळ १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. त्याचा इशारा हवामान विभागाने वेळेवर दिला होता आणि आंध्र व ओडिशाच्या किनाऱ्यावरून लाखो लोकांना हलवण्यात आले. जमिनीवर आल्यावर वादळाचा वारा मंदावला आणि बातम्यांतून ते मागे पडले. मात्र त्यातील बाष्प कुठे गेले नव्हते. वादळाचे अवशेष उत्तरेकडे सरकत असताना वरच्या थरातील पश्चिमी वाऱ्यांच्या द्रोणीने, म्हणजे कमी दाबाच्या लांबट पट्ट्याने, ते बाष्प हिमालयाकडे ओढून घेतले, आणि १४ ऑक्टोबर रोजी, म्हणजे किनाऱ्यापासून सुमारे बाराशे किलोमीटर दूर आणि अवघ्या दोन दिवसांत, अन्नपूर्णा परिक्रमेच्या वाटेवरील ५,४१६ मीटर उंचीच्या थोराँग ला खिंडीत प्रचंड हिमवादळ झाले. ऑक्टोबर हा तिथला सर्वांत गर्दीचा आणि सर्वांत भरवशाचा मानला जाणारा महिना. खिंडीत आणि आसपासच्या हिमस्खलनांत चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत परदेशी ट्रेकर होते तसेच नेपाळी वाटाडे, हमाल आणि याकवालेही होते.

या घटनेतील शिकण्याजोगा भाग वादळाच्या ताकदीत नाही. उत्तरेकडे हवा बिघडणार याची कल्पना हवामानशास्त्रज्ञांना होती, परंतु ती बातमी खिंडीखालच्या छावण्यांत मुक्कामाला असलेल्या माणसांपर्यंत पोहोचलीच नाही. पहाटे बर्फ पडत असतानाही गट निघाले, कारण आदल्या गटाने खिंड ओलांडली होती आणि पुढच्या गावातील खोल्या ठरलेल्या होत्या. खिंडीवरच्या चहाच्या टपरीवजा निवाऱ्यात माणसांची दाटी झाली. तिथून कोणी वाट दाखवतो म्हटल्यावर काही जण वादळातच खाली निघाले, आणि त्यांतील अनेक जण पांढऱ्या अंधारात वाट चुकून थंडीने गेले.

म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात ट्रेकला जाणाऱ्याने डोंगराच्या अंदाजाबरोबर बंगालच्या उपसागराची बातमीही पाहावी, आणि तेव्हा अरबी समुद्राकडेही दुर्लक्ष करू नये. वादळ किनाऱ्यावर येऊन ‘क्षीण झाले’ अशी बातमी आली की किनाऱ्यावरच्या माणसाने सुस्कारा सोडावा. हिमालयातील माणसाने तिथून पुढचे तीन दिवस मोजायला सुरुवात करावी, आणि त्याच दिवसांत पश्चिमी झंझावातही येत असेल तर खिंडीचा बेत सरळ पुढे ढकलावा.

प्रश्न : वारा किती असला म्हणजे मागे फिरावे? कोणी ३० सांगतो, कोणी ७०. एक निश्चित आकडा द्यावा. (ठाणे)

उत्तर : आकडा देतो, पण आधी दोन गोष्टी सांगणे भाग आहे.

पहिली अशी, की वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३० वरून वारा ६० वर गेला तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. ९० वर गेला तर नऊपट. म्हणून ‘कालच्यापेक्षा थोडा जास्त आहे’ असे म्हणत पुढे जाणारा मनुष्य आपल्या नकळत फार वेगळ्या परिस्थितीत जाऊन पोहोचतो. उंचीवर हवा विरळ असल्याने साडेपाच हजार मीटरवर त्याच वेगाचा रेटा समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आतबाहेर असतो, ही त्यातली थोडी दिलाशाची बाब. पण तिथे माणसाची शक्तीही तितकीच उतरलेली असते, त्यामुळे या सवलतीवर विसंबून राहू नये. पाठीवरची उंच भरलेली सॅक आणि तिच्यावरचे फडफडणारे पावसाळी आवरण वाऱ्याला हवे तेवढे क्षेत्र पुरवतात, याचा विचार सॅक भरतानाच करावा.

दुसरी गोष्ट थंडीची. कॅनडा आणि अमेरिकेत २००१ पासून वापरात असलेल्या सूत्रानुसार, तापमान शून्य अंश असताना ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे ७ अंशांसारखे जाणवते; उणे १० अंशांना तोच वारा असेल तर उणे २१ अंशांसारखे. कपडे भिजलेले असतील तर हे गणितही अपुरे पडते. जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात उत्तरकाशी आणि टिहरी जिल्ह्यांच्या सीमेवरील सहस्त्रतालच्या वाटेवर २२ जणांचा गट परतताना बर्फाच्या वादळात सापडला आणि त्यांतील ९ जण दगावले. गटातील बहुतेक जण कर्नाटकातील होते. महिना जूनचा होता, म्हणजे खाली मैदानात उष्णतेची लाट चालू असण्याचा काळ. अशा ठिकाणी मृत्यू कडेलोटाने किंवा हिमस्खलनानेच येतो असे नाही. ओले कपडे, वारा, दाट धुके आणि आडोसा नसलेले पठार एवढे सामान त्याला पुरते.

आता आकडा. धारेवरचा सरासरी वारा ताशी ४० किलोमीटरच्या पुढे किंवा झोत ६० च्या पुढे अपेक्षित असेल, तर नवख्या माणसांचा गट त्या दिवशी धारेवर नेऊ नये, असे माझे मत आहे. वाऱ्याचा जोर त्याच्या दृश्य परिणामांवरून सांगणाऱ्या ब्युफोर्टच्या मापनश्रेणीत ताशी ५० ते ६१ किलोमीटर वाऱ्याचे लक्षण ‘वाऱ्याविरुद्ध चालणे कष्टाचे’ असे दिले आहे, आणि ते सपाट जमिनीवरचे आहे. बर्फाच्या तिरप्या उतारावर तोच वारा पाय उचलला की माणसाला एक पाऊल बाजूला नेऊन ठेवतो. अनुभवी गिर्यारोहक यापेक्षा अधिक वाऱ्यात जातात, हे मला ठाऊक आहे. एव्हरेस्टवर जाणारे मे महिन्याच्या मध्याची वाट पाहतात तीही याचसाठी, की हिवाळाभर माथ्यावरून वाहणारा उच्चस्तरीय पश्चिमी वाऱ्याचा झोतप्रवाह तेव्हा उत्तरेला सरकतो आणि शिखरावरचा वारा काही दिवस आटोक्यात येतो. तिथल्या तंबूत बसून ‘आज नाही’ म्हणणारे लोक जगातील सर्वांत तयारीचे असतात, हे आकडा मागणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

तंबूविषयी एवढेच, की त्याची अरुंद बाजू वाऱ्याकडे असावी, सर्व तणावे बांधलेले असावेत आणि झोपण्यापूर्वी ते पुन्हा एकदा ओढून घ्यावेत. नायलॉनची दोरी ओली झाली की सैल पडते. संध्याकाळी ताठ असलेला तणावा मध्यरात्री पावसानंतर बोटाने दाबून पाहावा, म्हणजे खात्री पटेल. त्या सैलपणामुळे तंबू फडफडू लागतो, आणि फडफडणाऱ्या तंबूच्या मेखा एकामागून एक उपटतात.

प्रश्न : डोंगरात नेटवर्क नसते. मग ताजा इशारा मिळणार कसा? सॅटेलाइट फोन किंवा संदेश पाठवणारे उपकरण परदेशातून मागवावे का? (नाशिक)

उत्तर : मागवू नये. भारतात उपग्रह दूरध्वनी आणि उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी उपकरणे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे, आणि अशी उपकरणे जवळ सापडल्याने परदेशी प्रवाशांना विमानतळांवर अटक झालेली आहे.

शेवटच्या गावात नेटवर्क असेपर्यंत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ आणि हवामान विभागाचे ‘मौसम’ ही अॅप पाहून पुढील पाच दिवसांचा अंदाज कागदावर उतरवून घ्यावा. विजांसाठी पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ आहे. पाच दिवसांच्या अंदाजातही पहिल्या दोन दिवसांचाच भरवसा धरावा आणि पुढचे कल म्हणून वाचावेत. विभागाचा तीन तासांचा तातडीचा अंदाज फार उपयोगी असतो; परंतु तो रडारवर अवलंबून असतो आणि डोंगर रडारच्या किरणांना आडवे येतात. कुफरी, मुक्तेश्वर, सुरकंडा देवी, लॅन्सडाउन, जोत, मुरारी देवी अशा माथ्यांवर गेल्या काही वर्षांत डॉप्लर रडार बसवली गेली ती त्यासाठीच. त्यांनी चित्र पुष्कळ सुधारले आहे, तरी धारेमागच्या दऱ्या अजूनही झाकलेल्या राहतात.

वर छावणीत गेल्यावर मनगटावरचे उंचीमापक घड्याळ कामाला येते. ते उंची हवेच्या दाबावरून काढते; त्यामुळे आपण जागचे हललो नसताना घड्याळातील उंची वाढू लागली, तर दाब उतरतो आहे असे समजावे. चार हजार मीटरच्या आसपास एका हेक्टोपास्कलला सुमारे तेरा मीटर असा हिशोब आहे. रात्री आठला ३,९०० दाखवणारे घड्याळ दुसऱ्या रात्री आठला त्याच तंबूत ३,९५० दाखवू लागले, तर चार हेक्टोपास्कलची घसरण झाली आहे आणि पुढे जाण्याचा विचार पुन्हा करावा. तुलना मात्र एकाच वेळेच्या आकड्यांची करावी. आपल्या अक्षांशांत हवेचा दाब रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरतो. सकाळी दहाचा आकडा दुपारी चारच्या आकड्याशी ताडून पाहणारा विनाकारण घाबरतो.

आकाशाकडेही पाहावे. शिखराच्या माथ्यावर गुळगुळीत कडांचा, भिंगाच्या आकाराचा ढग तासन्तास एकाच जागी उभा दिसला, किंवा शिखराच्या एका बाजूस बर्फाच्या भुकटीचा लांब पिसारा सुटलेला दिसला, तर खाली कितीही शांत असले तरी वर जोराचा वारा आहे. तो वारा बर्फ उचलून पलीकडच्या उतारावर रचत असतो आणि अशा रचलेल्या थरावर पाय पडला की तो फळीसारखा सुटून येतो, म्हणून वाऱ्याच्या दिवसानंतरचा स्वच्छ दिवसही वाऱ्याच्या आडोशाकडील उतारांवर धोक्याचाच असतो.

प्रश्न : आम्ही हिमालयात जात नाही, पावसाळ्यात हरिश्चंद्रगड, नाणेघाट एवढेच. पुणे, अहिल्यानगर, ठाणे जिल्ह्यांच्या इशाऱ्यांत पावसाचेच आकडे असतात. वाऱ्यासाठी काय पाहावे? (जुन्नर)

उत्तर : मच्छीमारांसाठीचा इशारा पाहावा. मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून ‘महाराष्ट्र किनारपट्टीलगत ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ किलोमीटरपर्यंत, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ अशा धर्तीची सूचना पावसाळ्यात वरचेवर निघते. तोच वारा शे-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला येऊन सह्याद्रीच्या भिंतीला धडकतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या खालच्या थरातील झोतप्रवाहाचा गाभा जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर असतो, आणि हरिश्चंद्रगडाचा माथा १,४२४ मीटरचा, कळसूबाईचा १,६४६. म्हणजे पावसाळ्यात जोर असलेल्या दिवशी आपण त्या गाभ्यातच जाऊन उभे राहतो. अॅपवर ८५० हेक्टोपास्कलचा वारा पाहिला की हे लगेच दिसेल. नारिंगी किंवा लाल इशाऱ्याच्या दिवशी जिल्हा प्रशासन घाटमाथ्यावरील ठिकाणे बंद करते, तेव्हा बंदी पावसापुरती आहे असे समजून आडवाटेने जाणे हा निव्वळ आततायीपणा होय.

नाणेघाटाचा उलटा धबधबा पाहायला आता झुंबड उडते. पाणी वर फेकले जाते ते कड्याच्या भिंतीवरून चढणाऱ्या वाऱ्याने, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र हा वारा कड्याच्या काठावर येऊन जमिनीला चिकटून पुढे जात नाही, तो काठावरून वर उसळतो आणि काठाच्या मागे काही अंतरापर्यंत भोवऱ्याचा पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात जमिनीलगतचा वारा उलट दिशेने, म्हणजे पाठीमागून कड्याकडे ढकलणारा असू शकतो. समोरून येणाऱ्या वाऱ्याला रेलून काठाशी उभ्या राहिलेल्या माणसाचा आधार अचानक सुटला, किंवा पाठीमागून झोत आला, तर तोल सावरायला जागा उरत नाही. कोकणकड्यावर जुने जाणते लोक काठापाशी पोटावर पालथे पडूनच खाली डोकावतात. ज्या दिवशी धबधबा उलटा उडत असेल, त्या दिवशी उभे राहायचे असल्यास काठापासून चांगले पंधरा-वीस पावले मागे राहावे, छत्री उघडू नये आणि लहान मुलांचा हात सोडू नये.